दगडावरची रेघ आणि खाड्याचे पैसे

इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यात रग्बी नावाचे गाव आहे. तिथल्या प्रसिद्ध शाळेच्या मैदानालगत एका भिंतीत एक दगड बसवलेला आहे. विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या काळच्या फुटबॉलचे नियम मोठ्या ऐटीत धाब्यावर बसवले, चेंडू हातात घेऊन तो धावला आणि त्यातून रग्बीच्या खेळाचे वेगळेपण जन्माला आले, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरला आहे. शेवटी साल आहे १८२३. रग्बीबद्दल दुसरे काहीही ठाऊक नसलेल्या माणसाला एवढी गोष्ट ठाऊक असते. १९८७ साली सुरू झालेल्या विश्वचषकाच्या करंडकालाही याच एलिसचे नाव आहे.

मी खेळाडू नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली. त्या कामाने दोन सवयी लावल्या. मजकुरात साल आले की ते इतरत्र काय दिले आहे ते पाहायचे, आणि ‘असे सांगतात’ असे वाक्य आले की कोण सांगतात ते विचारायचे. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात रग्बीचे सामने चालतात. आझाद मैदानाकडून स्टेशनला जाताना चिखलात माखलेले ते खेळाडू पाहायला मी कुंपणाशी थांबत असे. तिथेच शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला एलिसची गोष्ट सांगितली. ती इतकी नेटकी होती की मला संशय आला.

त्या संशयापायी पुढची काही वर्षे जे वाचले, त्याचा हा गोषवारा आहे. एलिसची गोष्ट कच्च्या पुराव्यावर उभी आहे, हे इंग्रजी अभ्यासकांनी केव्हाच दाखवले आहे. त्यात माझे श्रेय काही नाही. मला विचारायचे आहे ते पुढचे. ही गोष्ट कोणाला हवी होती, आणि ती दगडावर कोरली जात असताना त्याच खेळातले कोणते लोक बाहेर काढले जात होते?

साक्षीदार कोण?

वेब एलिस हे कल्पित पात्र नाही. त्याचा जन्म १८०६चा. वडील घोडदळात अधिकारी होते आणि १८११ साली स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत मारले गेले. विधवा आई मुलांना घेऊन रग्बी गावात राहायला आली, कारण गावातल्या रहिवाशांच्या मुलांना त्या शाळेत फी नव्हती. एलिस १८१६ ते १८२५ या काळात शाळेत होता. पुढे तो ऑक्सफर्डला गेला, १८२७ साली केंब्रिजविरुद्धच्या पहिल्या क्रिकेट सामन्यात खेळला, धर्मोपदेशक झाला आणि १८७२ साली फ्रान्समधल्या मॉन्तों इथे वारला. आपण एका खेळाचे जनक आहोत असे त्याने कुठे म्हटल्याचा एकही कागद पुढे आलेला नाही.

त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८७६ साली, शाळेच्या ‘मीटिऑर’ या नियतकालिकात मॅथ्यू ब्लॉक्सम यांचे पत्र छापून आले. ब्लॉक्सम हे शाळेचे जुने विद्यार्थी आणि गॉथिक वास्तुकलेचे नावाजलेले अभ्यासक. चेंडू घेऊन धावण्याची पद्धत एलिसने १८२४ साली सुरू केली, असे त्यांनी लिहिले. चार वर्षांनी, १८८० साली, त्यांनी पुन्हा लिहिले. या वेळी साल झाले १८२३.

मुद्रितशोधकाने इथे समासात प्रश्नचिन्ह घातले असते. एकाच घटनेला एकाच माणसाने दोन साले दिली आहेत, आणि बदलाचे कारण दिलेले नाही. त्याहून मोठा प्रश्न असा की ब्लॉक्सम यांनी स्वतः शाळा सोडली १८२० साली. म्हणजे दोन्हीपैकी कोणतेही साल खरे धरले तरी त्यांनी घटना शाळेत असताना पाहिलेली नाही. त्यांना ती कोणाकडून तरी कळली होती, आणि त्या कोणाचे नाव त्यांनी दिलेले नाही. दगडावरचे साल आले आहे ते या दुसऱ्या पत्रातून.

ब्लॉक्सम यांच्या मजकुरातला एक तपशील तर दगडाने पार पुसून टाकला. त्यांच्या सांगण्यानुसार एलिसने चेंडू झेलला. झेलणे त्या काळच्या खेळात मुळीच निषिद्ध नव्हते. झेलणाऱ्याने मागे सरायचे आणि मग लाथ मारायची, असा रिवाज होता. एलिस मागे न सरता पुढे धावला, एवढीच त्याची आगळीक. इंग्लंडच्या गावोगाव सणावारी जो दांडगा फुटबॉल चाले, त्यात तर चेंडू छातीशी कवटाळून पळणे नेहमीचेच होते. पायाने खेळायच्या खेळात एका मुलाने पहिल्यांदा हात घातला, हे चित्र त्यामुळे मुळातच चुकीचे ठरते. हात आधीपासून होतेच. वाद होता तो फक्त पायांच्या दिशेचा.

चौकशी आणि तिचा निकाल

१८९५ साली शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संस्थेने या प्रश्नाची चौकशी करायला एक समिती नेमली. तिचा अहवाल १८९७ साली प्रसिद्ध झाला. हयात असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना समितीने पत्रे पाठवली होती, आणि आलेली उत्तरे प्रतिकूल असली तरी छापली. हा तिचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. त्याच्यामुळेच आज आपल्याला समितीचा निकाल तपासता येतो.

एलिसला ओळखणारे एक वृद्ध पाद्री, टॉमस हॅरिस, यांना तो चांगला आठवत होता. क्रिकेट उत्तम खेळे, पण फुटबॉलमध्ये गैरफायदा घेण्याकडे त्याचा कल असल्याचे मानले जाई, असे त्यांनी कळवले. मात्र ती प्रसिद्ध धाव आपण पाहिली, असे हॅरिस यांनी म्हटले नाही. दुसरी साक्ष आहे टॉमस ह्यूज यांची. १८५७ साली आलेल्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ या कादंबरीचे हे लेखक. रग्बी शाळेतल्या खेळाचे सर्वांत गाजलेले वर्णन त्यांच्याच कादंबरीत आहे. ते १८३४ साली शाळेत आले. म्हणजे एलिसच्या कथित पराक्रमानंतर अवघ्या ११ वर्षांनी. त्यांनी कळवले की आपल्या काळात एलिसची कसलीही आख्यायिका शाळेत शिल्लक नव्हती. चेंडू घेऊन गोलात धावण्यावर अगदी बंदी नसली, तरी तसे धावताना एखादा मुलगा जिवानिशी गेला असता तर मुलांच्या पंचांनी मारणाऱ्याला निर्दोष सोडले असते, अशा अर्थाचे त्यांचे विधान आहे. ही धाव रूढ केली ती १८३८-३९च्या सुमारास जेम मॅकी नावाच्या धिप्पाड मुलाने, आणि ती नियमात बसली १८४१-४२ साली. तेव्हाही अटी होत्याच. चेंडू टप्प्यावर झेललेला हवा, आणि धावणाऱ्याने तो स्वतःच गोलरेषेपार नेऊन टेकवायला हवा. सोबत्याच्या हाती देता येणार नाही.

एवढे सगळे पुढ्यात असताना समितीने निष्कर्ष काढला, की ही नवी रीत १८२० ते १८३० या काळात कधीतरी आली आणि बहुधा एलिसनेच ती १८२३च्या उत्तरार्धात आणली. ‘कधीतरी’ आणि ‘बहुधा’ हे दोन्ही शब्द अहवालात होते. १९०० साली दगड बसला तेव्हा ते दोन्ही गळले. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरीपेक्षा समकालीन पत्राला जास्त मान द्यायला शिकवले. तो काळही हाच. रग्बीच्या समितीकडे पत्रे होती. तिने ती छापली, आणि कौल बखरीला दिला.

नियम कोणी केले?

मग खेळ घडला कसा? त्याचे उत्तर कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते दगडावर कोरले जात नाही. रग्बी शाळेत खेळाचे नियम शिक्षक करत नसत. वरच्या वर्गातली मुले एकत्र बसून ठरवत. तोंडी रिवाज वर्षागणिक बदलत असे. १८४५च्या ऑगस्टमध्ये तीन विद्यार्थ्यांनी ते पहिल्यांदा लिहून काढले. एकूण ३७ कलमे झाली. त्या तिघांपैकी एक होता विल्यम डेलाफील्ड आर्नल्ड, शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांचा मुलगा आणि कवी मॅथ्यू आर्नल्ड यांचा भाऊ. हाच पुढे हिंदुस्थानात आला आणि पंजाबात सरकारी शिक्षणखात्याचा संचालक झाला. त्याच्या आणि त्याच्या दोघा सोबत्यांच्या हातचे काम कागदावर आहे, तारखेसह आहे. तरी करंडकाला नाव त्यांचे नाही.

‘ट्राय’ हा शब्दच घ्या. आज रग्बीत चेंडू रेषेपलीकडे टेकवला की पाच गुण मिळतात. सुरुवातीच्या काळात त्याला स्वतःची किंमत काहीच नव्हती. टेकवल्यामुळे फक्त गोलावर लाथ मारून पाहण्याचा, म्हणजे ‘ट्राय’ करण्याचा हक्क मिळे. गोल मोजला जाई तो लाथेचा. धाव हे साधन होते आणि लाथ हे साध्य. हा क्रम उलटायला अनेक दशके आणि नियमांच्या अनेक बैठका लागल्या. एका दुपारच्या एका धावेत हे काही सामावलेले नव्हते.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. चेंडू घेऊन धावणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टी नियमांतून वगळायचे ठरले, तेव्हा ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. त्याच्या प्रतिनिधीला अधिक खटकली होती ती नडगीवरच्या लाथांवरची बंदी. गंमत अशी की २६ जानेवारी १८७१ रोजी लंडनच्या पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये २१ क्लब जमले आणि त्यांनी रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली, तेव्हा त्या युनियनच्या नव्या नियमांनीही नडगीवरच्या लाथा बंद केल्या. ते नियम लिहिणारे तिघेही वकील होते, आणि तिघेही रग्बी शाळेचे. त्याच वर्षी २७ मार्चला एडिंबरोच्या रेबर्न प्लेसवर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. प्रत्येक बाजूला २० खेळाडू होते. स्कॉटलंड जिंकले.

करंडकाची भीती

खेळ आला की स्पर्धा आलीच, असे आपल्याला वाटते. रग्बी युनियनच्या धुरीणांना तसे वाटत नव्हते. असोसिएशन फुटबॉलने १८७१ साली देशव्यापी करंडक स्पर्धा सुरू केली. रग्बी युनियनने तसे करायचे नाकारले. करंडक आला की जिंकण्याची ईर्ष्या येते, ईर्ष्या आली की प्रेक्षक येतात, प्रेक्षक आले की पैसा येतो, आणि पैसा आला की खेळ सभ्य गृहस्थांच्या हातून जातो, अशी ती धास्ती होती.

या धास्तीचा सर्वांत देखणा पुरावा हिंदुस्थानातून गेला आहे. १८७२च्या नाताळात कलकत्त्यात तिथल्या इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण हवा मानवेना, पलटणी बदलून गेल्या, आणि पोलो व टेनिसकडे ओढा वाढला. पाच वर्षांत क्लब गुंडाळायची वेळ आली. तेव्हा सचिव रॉथनी यांच्या सूचनेवरून बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढण्यात आली, ते रुपये वितळवून एक चषक घडवला गेला आणि तो लंडनच्या युनियनला भेट दिला. चषकाला तीन नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. देणाऱ्यांची अपेक्षा होती की त्यासाठी क्लबांची वार्षिक स्पर्धा व्हावी. युनियनने चषक स्वीकारला आणि स्पर्धा टाळली. तो इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला जोडून दिला. १८७९पासून तो त्या दोन देशांतच फिरतो आहे.

उत्तरेत मात्र कोणी लंडनची वाट पाहिली नाही. यॉर्कशायरने १८७७ साली आपली करंडक स्पर्धा सुरू केली. पहिला मान हॅलिफॅक्सने मिळवला. हा सगळा मुलूख लोकरीच्या गिरण्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा. १८५०च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतले काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले होते, आणि त्या मोकळ्या दुपारी मैदाने भरू लागली. खेळायला येणारे आता गिरणीतले आणि खाणीतले होते. करंडकाने त्यांना गावाची अस्मिता दिली आणि क्लबांना फाटकाचे उत्पन्न. धुरीणांची धास्ती खरी ठरली, एवढेच की तिचे नाव त्यांनी ‘भ्रष्टाचार’ ठेवले आणि उत्तरेने ‘खेळ’.

खाड्याचे पैसे

आता मूळ तंट्याकडे येऊ. परगावचा सामना असेल तर कामगाराला शनिवारी सकाळीच निघावे लागे. म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी गेली. डॉक्टर, वकील किंवा कारखानदाराच्या मुलाला हा प्रश्नच नव्हता. उत्तरेच्या क्लबांची मागणी होती की बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायला परवानगी असावी. इंग्रजीत याला ‘ब्रोकन टाइम’ म्हणत. गिरणगावात वाढलेल्या मराठी वाचकाला ‘खाडा’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात युनियनची सभा भरली. यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी भरपाईचा ठराव मांडला. प्रतिनिधींना आणायला उत्तरेतून खास गाड्या सोडल्या होत्या. असे पैसे देणे खेळाच्या हिताला आणि वृत्तीला मारक आहे, अशी दुरुस्ती समोरून आली आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी संमत झाली. नंतर नियम आणखी कडक झाले. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन वेगळी काढली. पहिल्या हंगामात २२ क्लब खेळले आणि मॅनिंगहॅम विजेते ठरले. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. पुढे १९०६ साली त्यांनी खेळाडू १५चे १३ केले. आजची ‘रग्बी लीग’ ती हीच.

वेब एलिसच्या चौकशीचे वर्ष १८९५, आणि फुटीचे वर्षही १८९५. एरिक डनिंग आणि केनेथ शिअर्ड या समाजशास्त्रज्ञांनी १९७९च्या आपल्या पुस्तकात या योगायोगावर बोट ठेवले आहे. खेळ हातातून निसटतो आहे असे दिसताच शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तो आपल्याच आवारात जन्मल्याची नोंद करून घेतली, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो पटतो, पण पुरेसा वाटत नाही. मालकीच सांगायची होती तर १८४५चे लिखित नियम शाळेचेच होते. तो दाखला पक्का होता. तो बाजूला ठेवून ऐकीव गोष्ट का निवडली? त्यासाठी कोणी कट केला असे मानण्याची गरज नाही. समिती सरळ माणसांची होती. पण आपल्याला कोणती गोष्ट गोड लागते, यावरूनही माणूस कळतो.

एलिसच्या गोष्टीत एकच मुलगा आहे. तो कोणाला विचारत नाही, मते मोजत नाही, काही मागत नाही. त्याच्या मनात येते आणि तो धावतो. नियम मोडूनही त्याला शिक्षा नाही. उलट तो मोडण्यातली ऐटच त्याचा गुण ठरते. हे त्या वर्गाने काढलेले स्वतःचे चित्र आहे. १८४५च्या गोष्टीत याउलट तीन मुले टेबलाशी बसून कलमे लिहितात, शब्दांवरून वाद घालतात, जुना रिवाज बदलून नवा करतात. १८९३ साली यॉर्कशायरच्या माणसांनी नेमके हेच केले होते. नियम मोडायचा नाही, रीतसर बदलून घ्यायचा. ठराव मांडायचा, अनुमोदन मिळवायचे, मतदानाला सामोरे जायचे. रग्बीच्या खऱ्या परंपरेचे वारस तेच होते. ज्या मुलाने नियम मोडला असे मानले गेले त्याला दगड मिळाला, आणि नियम बदलू पाहणारी माणसे दोनच वर्षांत बाहेर पडलेली होती.

कोणी म्हणेल, सगळ्याच खेळांना एखादी दंतकथा असते. त्यात बिघडले काय? दंतकथेने एरवी बिघडत नाही. पण ही दंतकथा ज्या सत्तेच्या दारावर लटकली, तिने पुढची शंभर वर्षे नॉर्दर्न युनियनकडे गेलेल्या खेळाडूला आपल्या मैदानाबाहेर ठेवले. एका बाजूने खेळले की दुसऱ्या बाजूचे दार कायमचे बंद, अशी ती वाळीत टाकण्याची रीत होती. युनियनच्या खेळात उघडपणे पैसे द्यायला मान्यता मिळाली ती १९९५च्या ऑगस्टमध्ये, हडर्सफील्डच्या बैठकीला शंभर वर्षे पुरी होता होता. सहा शिलिंगांचा प्रश्न सुटायला एक शतक लागले. त्या वेळी १८९३च्या ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी कोणीही हयात नव्हते.

काळ्या दगडावरची रेघ म्हणजे न पुसणारे सत्य, असे आपण म्हणतो. रग्बीच्या भिंतीतली रेघ न पुसणारी आहे खरी, सत्य मात्र नाही. सत्य शोधायचे तर १८४५च्या ३७ कलमांत, वितळवलेल्या रुपयांच्या चषकात आणि २८२ विरुद्ध १३६ या आकड्यांत शोधावे लागते. माझ्या टेबलावर त्या दगडाचे मुद्रित आले असते, तर मी १८२३ या सालाखाली रेघ मारून समासात लिहिले असते: ‘आधार?’ आणि मुद्रित लेखकाकडे परत पाठवले असते.